आजारी माणसाचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून

रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समुद्र जवळ आहे आणि मोठे इस्पितळ लांब. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन, दिघी, बोर्ली पंचतन या भागात ताप-खोकल्याला डॉक्टर मिळतो, रक्त तपासून होते, हाडाला प्लास्टरही घातले जाते. पण मेंदू, हृदय, मूत्रपिंड किंवा कॅन्सर असे नाव निघाले की पनवेल, कामोठे, खारघर नाहीतर थेट परळ गाठावे लागते. अलिबागहून मुंबई शंभर किलोमीटरच्या आसपास, श्रीवर्धनहून पावणेदोनशे-दोनशे. धडधाकट माणूस या प्रवासाने दमतो, मग अर्धांगवायू झालेल्या, गुडघे गेलेल्या, केमो घेऊन निघालेल्या माणसाचे काय होत असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते: “मला आता कुठे नेऊ नका. जे व्हायचे ते घरीच होऊ दे.” घरचे समजतात की म्हातारपणी माणूस हट्टी झाला, किंवा औषधाला कंटाळला. पण शांतपणे जवळ बसून विचारले तर बहुतेक वेळा निराळेच कारण निघते. औषधाची भीती नसते, डॉक्टरचीही नसते. रस्त्याची असते. आमच्या घरी अम्मींना अर्धांगवायू होऊन डावी बाजू कमजोर झाली. त्यांनी चौथ्या तपासणीला जायचे नाकारले, तेव्हा लेकीने खोदून विचारले. त्या म्हणाल्या, “आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही मी. वाटेत उतरायची पाळी आली तर चार माणसांनी उचलायचे, लोकांनी बघायचे. त्यापेक्षा घर बरे.” मधुमेह असलेली बाई पाणी न पिता पाच-सहा तास उन्हातून प्रवास करत होती, आणि त्याचे कारण लाज हे होते.

त्या दिवसानंतर आम्ही ठरवले की घरातली गाडी अम्मींच्या सोयीने लावायची. गाडी काही खास नाही, पाच सीटची जुनी ईको आहे. आपल्या गावांत आखातातल्या मुलांनी घेऊन दिलेल्या अशा गाड्या घरोघरी आहेत. तिला लागलेल्या सोयी गावचा सुतार, वेल्डर आणि गादीवाला यांच्याकडून झाल्या आणि खर्च सहा-सात हजारांच्या पुढे गेला नाही. त्यातून आणि शेजारच्या दोन-तीन घरांतल्या रुग्णांच्या अनुभवातून जे कळले ते येथे मांडतो.

गाडी कोणती, जागा कोणती

ओम्नी आणि ईको या दोन्ही गाड्यांचे सरकते दार रुग्णाला सोयीचे पडते. दार पूर्ण उघडते, बाजूला जागा कमी असली तरी अडचण होत नाही आणि मागची फरशी सपाट असते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. या गाड्यांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. एप्रिल-मेमध्ये पुढे बसणाऱ्याला खालून गरमी लागते. ज्याला पायात बधिरपणा आहे अशा मधुमेही माणसाला ही गरमी वेळेवर कळतही नाही. म्हणून त्याला पुढे बसवायचे तर पायाखाली जाड चटई असावी, किंवा त्याला मधल्या रांगेत बसवावे.

सात सीटच्या गाडीत अगदी मागची सीट मागच्या चाकांवर येते. खड्डा लागला की पहिला दणका तिथे बसतो. ऑपरेशन झालेला, मणक्याचा त्रास असलेला, पोटात टाके असलेला माणूस तिथे कधीही बसवू नये. मधली रांग सर्वांत बरी. ज्याला गाडी लागते, म्हणजे मळमळते, त्याला समोरचा रस्ता दिसला पाहिजे. त्याची सीट दोन पुढच्या सीटांच्या फटीतून रस्ता दिसेल अशी निवडावी.

चढणे आणि उतरणे

रुग्णाचा अर्धा त्रास गाडी सुरू होण्याआधीच होऊन जातो. आपण घाईने त्याच्या काखेत हात घालतो आणि वर ओढतो. अर्धांगवायूच्या रुग्णाचा कमजोर हात असा ओढला तर खांदा निखळण्याची भीती असते. योग्य रीत अशी: रुग्णाने गाडीकडे पाठ करून उभे राहावे, सीटचा कडा पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे यावे, आधी बसावे आणि मग दोन्ही पाय एकामागून एक आत घ्यावेत. सीटवर एक गुळगुळीत कापड किंवा प्लास्टिकची पिशवी पसरली तर अंग सहज वळते. माणूस नीट बसला की ते कापड काढून घ्यावे, नाहीतर ब्रेक लागल्यावर तो पुढे घसरेल.

कोणत्या दाराने बसवायचे हेही विचारपूर्वक ठरवावे. डाव्या दारात गाडीकडे पाठ करून उभे राहिले की पुढचा खांब उजव्या हाताला येतो. अम्मींचा उजवा हात चांगला आहे, म्हणून त्यांच्यासाठी डावे दार. ज्याची उजवी बाजू कमजोर आहे त्याला उजव्या दाराने बसवले तर खांब त्याच्या चांगल्या डाव्या हाताला येतो. मात्र उजवे दार रस्त्याच्या बाजूला उघडते, म्हणून गाडी अंगणात किंवा इस्पितळाच्या आवारात नेऊन मगच उतरवावे.

त्या खांबावर धरायला एक मजबूत कडी लागते. आम्ही वेल्डरकडून पाइपची कडी करून घेतली आणि तिला सायकलच्या हँडलचे रबर चढवले. पावसाळ्यात ओल्या हाताने नुसता लोखंडी पाइप निसटतो. खांबात पुढच्या सीटच्या बेल्टची यंत्रणा असते, त्यामुळे भोक पाडण्याचे काम गाडीच्या मेकॅनिकला विचारूनच करावे. कडी बसली की आधी घरातल्या जाड माणसाने पूर्ण भार देऊन लोंबकळून पाहावे.

खाली पायरी हवी. जुना पाट चालत नाही, तो हलतो. रुंद, चार पाय पसरलेला, एक वीत उंचीचा लाकडी चौरंग सुताराकडून करून घ्यावा. वर खरबरीत रबर ठोकावे, पायांना रबरी टोप्या बसवाव्यात. पुष्कळ लोक चाकाच्या खुर्चीसाठी घसरगुंडीसारखा उतार मागतात. पण सुरक्षित उतारासाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरतात. गाडीची फरशी दीड फूट उंच असेल तर अठरा फुटांची फळी लागेल. ती ठेवायची कुठे? त्यापेक्षा अडीच फूट लांब, एक फूट रुंद अशी घासून पॉलिश केलेली फळी घ्यावी. तिचे एक टोक खुर्चीवर आणि एक सीटवर ठेवून रुग्णाला हळूहळू सरकवता येते. खुर्चीचे ब्रेक लावलेले असले पाहिजेत आणि सीट व खुर्ची जवळपास सारख्या उंचीवर आली पाहिजेत, खुर्चीवर उशी घालून तेवढी उंची आणता येते. उचलणाऱ्यांच्या कमरा त्यामुळे वाचतात आणि उचलला जाणारा माणूस ओझे ठरत नाही.

बैठक

मऊ गादी सुखाची वाटते, पण तासाभरात माणूस तिच्यात रुतून बसतो आणि कंबर धरते. गादीवाल्याला ४० डेन्सिटीचा फोम सांगावा, जाडी दोन ते तीन इंच. त्याहून जाड केली तर डोके छताला लागते आणि बेल्टही नीट बसत नाही. माकडहाडाला त्रास असेल तर मागच्या बाजूला घोड्याच्या नालेसारखा काप घ्यावा. खोळ सुती असावी, खाली मेणकापड. कमरेच्या खोलगट जागी गुंडाळलेला टॉवेल, कमजोर हाताखाली उशी, मानेला अर्धगोल उशी. पाय लोंबकळत राहू नयेत, पायाखाली छोटा चौरंग ठेवून तो घट्ट बांधावा.

सीट बेल्ट आजारी माणसालाही लावायचाच. “टाके आहेत म्हणून लावला नाही” हे कारण चुकीचे आहे. खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर यावा, टाक्यांच्या जागी पातळ मऊ टॉवेल ठेवावा.

लांब प्रवासात एकाच जागी बसून पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासात चार तास किंवा त्याहून अधिक प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो असे दिसले होते. निरोगी माणसासाठी तो तरीही लहान असतो. नुकतेच ऑपरेशन झालेला, कॅन्सरचा, पाय न हलवणारा रुग्ण असेल तर तो मोठा होतो. अर्ध्या तासाने पावले वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवावीत, कमजोर पाय सोबतच्या माणसाने हलवावा. दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी. ज्याला बसलेल्या जागेची जाणीवच नाही त्याला दर अर्ध्या तासाने थोडे कलते करावे, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत कातडी लाल होते आणि पुढे जखम होते. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला तर वेळ न घालवता डॉक्टरकडे जावे.

लघवी, उलटी आणि पडदा

हा विषय आपल्याकडे उघड बोलला जात नाही. पण इलाज सुटण्याचे मोठे कारण इथेच आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

गाडीत झाकणाचे युरिन पॉट असावे. पुरुषांचे आणि बायकांचे वेगळ्या आकाराचे मिळते. गुडघे वाकत नसतील तर पेट्रोल पंपावरचे भारतीय पद्धतीचे संडास कामाचे नाहीत. घडीची कमोड खुर्ची मागच्या जागेत बसते आणि ती तेवढ्यासाठी जवळ असावी. सोबत पाण्याची तोटीची बाटली, लहान तसराळे, टिश्यू, हातमोजे, दोन जोड कपडे आणि कचऱ्याच्या जाड पिशव्या. बायकांसाठी मोठ्या डायपरची सोय ठेवावी, ती वापरण्यात कमीपणा नाही. पण डायपर आहे म्हणून थांबायचेच नाही असे करू नये.

पडद्यासाठी आम्ही छताला दोरी आणि रिंगा लावून जाड सुती चादर बसवली. गाडी उभी असतानाच ती ओढायची आणि निघण्यापूर्वी बाजूला करायची, म्हणजे चालवणाऱ्याला काचा मोकळ्या राहतात. काळी फिल्म लावू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच तिला मनाई केली आहे. बाई रुग्ण असेल तर सोबत घरातली एक बाई असलीच पाहिजे, मग गाडी चालवणारा सख्खा मुलगा का असेना. त्याने अशा वेळी खाली उतरून थोडे पुढे जाऊन उभे राहावे. ही रीत एकदा ठरली की रुग्णाला मागणी करावी लागत नाही. अम्मी आता निघताना पाणी पितात, हा आमच्या सगळ्या खटाटोपाचा पहिला फायदा.

केमो घेऊन परतणाऱ्याला वास सोसत नाही. गाडीतले सुगंधी डबे काढून टाकावेत, अत्तरही नको. उलटीसाठी तोंडाशी कडी असलेल्या पिशव्या हाताशी ठेवाव्यात. रिकाम्या पोटी नेऊ नये, कोरडा टोस्ट किंवा खारी बिस्किटे थोडी थोडी द्यावीत.

इन्सुलिन, साखर, ऑक्सिजन

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते. चालू असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे घरच्या तापमानाला चालते, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते तापमान राहत नाही. पुढच्या खणात इन्सुलिन ठेवणे म्हणजे ते फुकट घालवणे. बर्फाला चिकटूनही ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवावी आणि औषध वेगळ्या खोक्यात. गाडीतून उतरताना डबा सोबत घ्यावा.

महामार्गावर गाड्यांची रांग लागली की जेवणाची वेळ टळते. घाम, थरथर, बडबड, गुंगी ही साखर उतरल्याची चिन्हे. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तो साडेबारा तास पुरेल. कागदावर पुरेल एवढा न घेता, लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट घ्यावा. सिलिंडर दोन पट्ट्यांनी असा बांधावा की ब्रेक लागला तरी हलणार नाही. सैल सिलिंडर अपघातात तोफगोळा होतो. गाडीत विडी-सिगारेट कोणी ओढू नये, काचा थोड्या उघड्या असाव्यात, नळीजवळ व्हॅसलिन, तेल, बाम लावू नये. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण आग भडकवतो. घरचे मोठे कॉन्सन्ट्रेटर गाडीच्या चार्जिंगच्या सॉकेटवर चालत नाही. सॉकेट साधारण १२० वॉटचे असते आणि मशिनला त्याच्या दोन-तीन पट वीज लागते.

डायलिसिसवाल्यांची वेगळी गोष्ट

डायलिसिस बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा आणि दर वेळी चार तास असतो. म्हणजे हा प्रवास आयुष्याचा भाग होतो. एक पाळी चुकली तर अंगात पाणी साचते आणि रक्तातले पोटॅशियम वाढते, त्याने हृदय बंद पडू शकते. “आज पाऊस आहे, उद्या जाऊ” हे या आजारात जिवावर बेतते.

ज्या हातावर फिस्टुला केला आहे त्या हाताला कडी धरायला लावू नये, पिशवी देऊ नये, बेल्टचा दाब येऊ देऊ नये. येताना रक्तदाब उतरतो, चक्कर येते. म्हणून सीट मागे कलती असावी आणि रुग्णाने स्वतः गाडी चालवत घरी येऊ नये. सुईच्या जागेतून रक्त आले तर स्वच्छ कापसाने बोटांनी घट्ट दाबून हात उंच धरावा आणि थांबत नसेल तर जवळचे इस्पितळ गाठावे.

आणि एक आपल्या किनाऱ्यापुरते. नागाव-चौलच्या रस्त्याला थांबून आजारी माणसाला शहाळे पाजणे ही आपली माया. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. डायलिसिसवाल्याला ते डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये. खजुराचेही तसेच. पाणीही मोजून प्यायचे असते, म्हणून अशा रुग्णाची बाटली वेगळी असावी आणि तिच्यावर रेघा असाव्यात.

रस्ता आणि वेळ

पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. या रस्त्याने आपल्या किती रुग्णांची हाडे मोजली ते सांगायला नको. आपल्या हातात वेळ निवडणे आहे. फजरची नमाज झाली की निघावे. डॉक्टरकडून तारीख घेताना मंगळवार ते गुरुवार मागावा, कारण शनिवार-रविवारी अलिबाग, काशीद, दिवेआगरला पर्यटकांची गर्दी होते. गणपतीच्या आधीचे चार दिवसही टाळावेत.

अलिबागकडच्यांना मार्च २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का ही रो-रो बोट आहे. गाडीसकट तासाभरात मुंबई येते आणि खड्डे वाचतात. पावसाळ्यात समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा. रुग्णाला गाडीतून उतरून वर जावे लागेल का, तेही तिकिटाच्या वेळीच विचारावे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला. २१.८ किलोमीटरचा हा पूल चिर्ल्याकडून शिवडीला उतरतो आणि परळची इस्पितळे तिथून जवळ आहेत. टोल आहे, पण वाशी-चेंबूरची गर्दी टळते. सेतूवर गाडी थांबवता येत नाही, त्यामुळे लघवी-पाणी आधीच उरकावे. दिघी-आगरदांडा फेरीने श्रीवर्धन आणि मुरुडची बाजू जोडली जाते, तीही हवामान पाहूनच धरावी.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ आपण विसरलो नाही. झाडे पडून रस्ते बंद होते, वीज नव्हती, फोन नव्हते. म्हणून रुग्णाच्या पिशवीत किमान एका आठवड्याची औषधे कायम असावीत. सोबत टॉर्च, चार्जर, दोरी आणि ताडपत्री. कागदांची प्लास्टिकची फाइल: आजाराचे नाव, चालू औषधे, कशाची अ‍ॅलर्जी आहे, रक्तगट, डॉक्टरांचा आणि घरच्यांचा नंबर, हे एका पानावर मराठी आणि इंग्रजीत. आधार आणि रेशनकार्डाची प्रत त्यातच ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ती लागतात. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात रायगड होता.

नमाज

प्रवासात वृद्धांची एक काळजी नमाजची असते. ती मनात असली की त्यांचे लक्ष घड्याळाकडे लागते. आजारी माणसाला बसून, तेही न जमल्यास इशाऱ्याने नमाजची मुभा आहे. आपल्या कोकणात बहुतेक शाफई आहेत आणि त्या मसलकात मुसाफिराला कस्र करण्याची व दोन नमाज एकत्र अदा करण्याची सवलत आहे. आपल्या रुग्णाचा अंतराचा आणि आजाराचा मसला मौलाना साहेबांना आधीच विचारून घ्यावा, म्हणजे वाटेत वाद होत नाही. वुजूसाठी तोटीची बाटली आणि तसराळे पुरते, पाणी लावायची मनाई असेल तर तयम्मुमची मातीही डब्यात ठेवता येते.

कायदा आणि मर्यादा

गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगी लागते. उशी, फळी, चौरंग अशा काढता येणाऱ्या वस्तूंचा प्रश्न येत नाही. पण सीट कायमची काढणे, दार बदलणे, यांत्रिक पायरी बसवणे असे काही करायचे असेल तर आधी पेणच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावे. विचारले नाही तर अपघाताच्या वेळी विम्याचा वाद होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे: कितीही चांगली लावली तरी ती रुग्णवाहिका होत नाही. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय अचानक गळणे, बोबडी वळणे, श्वास कोंडणे अशा वेळी १०८ ला फोन करावा. मेंदूच्या झटक्यात गाठ विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. चिन्हे सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. झोपूनच न्यायचा रुग्ण सीटा पाडून गादीवर टाकून नेऊ नये. त्याला स्ट्रेचर आणि जाणकार माणूस लागतो.

मोहल्ल्याची एक गाडी

आपल्या गावांत तरुण मुले कुवेत, दुबई, दोह्याला आहेत. मागे राहतात बायका आणि म्हातारी माणसे. ज्याच्या घरी गाडी आहे त्याच्याकडे चालवणारा नसतो आणि ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याच्याकडे गाडी नसते. भाड्याची गाडी दर आठवड्याला परवडत नाही, मग तपासण्या लांबतात आणि एक दिवस बंद होतात.

जमातीने मनावर घेतले तर हे सुटू शकते. फार मोठा फंड लागत नाही. चौरंग, फळी, फोमची बैठक, कमोड खुर्ची, घडीची चाकखुर्ची, पडदा आणि पट्टे असा एक संच मशिदीच्या किंवा मदरशाच्या खोलीत ठेवावा. ज्याच्या घरून रुग्ण निघेल त्याने नेऊन आपल्या गाडीत लावावा आणि धुऊन, सुकवून परत आणून द्यावा. गावातल्या दोन-तीन मुलांना रुग्ण कसा बसवायचा हे फिजिओथेरपिस्टकडून शिकवून घ्यावे, बायकांसाठी दोन मुलींनाही. एकाच केंद्रावर जाणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णांच्या वेळा जुळवल्या तर एका गाडीत दोघे जाऊ शकतात. पैसे घ्यायचे नाहीत हे मात्र पक्के ठेवावे, कारण खासगी नंबरच्या गाडीने भाडे घेणे बेकायदा आहे. डिझेल-पेट्रोलचा खर्च जमातीच्या फंडातून द्यावा.

मरीजाची खिदमत हा मोठा सवाब आहे हे आपण खुतब्यात ऐकतो. तो मिळवायला घराबाहेर पडण्यापूर्वी एक सोपे काम करावे. आपल्या घरातल्या आजारी माणसाजवळ बसून विचारावे की मागच्या प्रवासात सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला. उत्तर ऐकून घ्यावे, मध्ये बोलू नये. जे सांगतील ते कागदावर लिहावे आणि पुढच्या तारखेआधी त्यातली पहिली गोष्ट तरी दुरुस्त करावी.